पाचशे मीटर हवेतून प्रकाश: सीएन-स्क्वेअर दोन पद्धतींनी मोजायचा

तापलेल्या रस्त्यावर दूरचं दृश्य थरथरताना दिसतं. ती थरथर सीएन-स्क्वेअर नावाच्या आकड्यात पकडायची तर प्रकाशाचा एक बारीक स्रोत एका टोकाला, दुर्बीण दुसऱ्या टोकाला, एवढं पुरतं असं वाटतं. आकडा मिळतोही. अडचण अशी की तो हवेचा आहे की तिपाईच्या कंपनाचा, एलईडीच्या गुणगुणण्याचा की दुर्बिणीच्या नळीतल्या गरम हवेचा, हे आकड्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून माझा आग्रह असा: एकाच वाटेवर, एकाच वेळी, दोन वेगळ्या परिणामांवरून मोजा. एक, प्रकाशाच्या तीव्रतेची लुकलुक. दोन, प्रतिमेची हालचाल. या दोन्ही पद्धती चुकतात, पण एकाच कारणाने चुकत नाहीत, आणि खरी माहिती त्यांच्यातल्या फरकात असते.

आधी काय मोजतोय ते. हवेचा अपवर्तनांक १ पेक्षा साधारण ०.०००२७ ने जास्त असतो आणि तापमान १ अंशाने वाढलं की तो सुमारे दहा लाखांत एक एवढा घटतो. हा बदल क्षुल्लक आहे, पण प्रकाश शेकडो मीटर अशा गरम-थंड पुंजक्यांतून जातो तेव्हा तरंगाचा पृष्ठभाग सुरकुततो. कोल्मोगोरोव्हच्या १९४१ च्या सिद्धांतावरून पुढे असं निघालं की दोन बिंदूंमधल्या अपवर्तनांकाच्या फरकाच्या वर्गाची सरासरी ही त्यांच्यातल्या अंतराच्या २/३ घाताच्या प्रमाणात वाढते. त्या प्रमाणाचा गुणक म्हणजे सीएन-स्क्वेअर. त्याचं एकक मीटरचा -२/३ घात. जमिनीलगत तो शांत वेळी १०^-१६ च्या आसपास आणि रणरणत्या दुपारी १०^-१२ पर्यंत जातो. म्हणजे एकाच जागी, एकाच दिवसात, चार पट नाही, दहाचे चार घात, म्हणजे दहा हजार पट. हा नियम काही मिलिमीटरपासून (आतली मर्यादा) ते जमिनीपासूनच्या उंचीच्या जवळपास (बाहेरची मर्यादा) एवढ्याच पट्ट्यात लागू पडतो, हे पुढे दोनदा आडवं येणार आहे.

एक तक्रार नोंदवून ठेवतो. बऱ्याच अहवालांत मोजणीच नसते. हफनागेल-व्हॅली या, उंचीनुसार सीएन-स्क्वेअर देणाऱ्या प्रतिमानातला जमिनीजवळचा १.७ × १०^-१४ हा आकडा उचलून आडव्या वाटेवर चिकटवलेला असतो. ते प्रतिमान उभ्या स्तंभासाठी आहे. दुपारच्या दोन मीटर उंचीवरच्या वाटेचं त्यातून काहीही कळत नाही.

आता मांडणी. पुढची सगळी आकडेमोड ५०० मीटर वाट आणि ६३० नॅनोमीटर तरंगलांबी धरून आहे. वाट शक्यतो सपाट जमिनीवरून, दोन्ही टोकं सारख्या उंचीवर, निदान दीड-दोन मीटर वर. उंची हलक्यात घेऊ नका. ऊन असताना सीएन-स्क्वेअर उंचीच्या -४/३ घाताने घसरतो, म्हणजे २ मीटरवरून १० मीटरवर गेलात की तो साधारण नवव्या हिश्शावर येतो. मधे जमीन उंचसखल असेल तर तुमचा आकडा नेमक्या कोणत्या उंचीचा, हे सांगता येणार नाही.

स्रोत म्हणून लेझर घ्यायचा मोह टाळा. बारीक लेझर किरण स्वतःच हवेत भरकटतो आणि ग्राहकावरून सरकताना जी उघडझाप होते ती लुकलुक म्हणून मोजली जाते. शिवाय काचेवरच्या धुळीचे व्यतिकरण पट्टे आणि डायोडच्या मोड-उड्या (तरंगलांबी अचानक बदलणं) हे वेगळेच. लाल एलईडी, तिच्यापुढे भिंग, आणि भिंगापुढे ५ मिलिमीटरचं भोक. दोन्ही बाजूंना एकेक अंश फाकणारा झोत पुरेसा आहे. ५०० मीटरवर तो १७ मीटर रुंद होतो आणि नेम धरायचा त्रास संपतो. भोक ५ मिलिमीटरच का? या अंतरावर फ्रेनेलचं माप, म्हणजे तरंगलांबी गुणिले अंतर याचं वर्गमूळ, १८ मिलिमीटर येतं. स्रोत त्याच्या जवळपास मोठा झाला की लुकलुक आपोआप पुसट होते आणि सीएन-स्क्वेअर कमी दिसतो. भिंगाचा अख्खा ३० मिलिमीटर व्यास उघडा ठेवणं ही नेहमीची चूक. एलईडीला स्थिर विद्युतधारेचा चालक हवा. मंद-तेज करण्यासाठी स्पंद वापरणारा स्वस्त चालक नको. बाहेरच्या उजेडापासून वेगळं करण्यासाठी १० किलोहर्ट्झला मॉड्युलेशन द्या, म्हणजे तेज ठरावीक वारंवारतेने वरखाली करा.

लुकलुकीसाठीचा ग्राहक साधा आहे: ५ मिलिमीटरचं भोक, भिंग, १० नॅनोमीटर पट्ट्याचा फिल्टर, फोटोडायोड. दृष्टिक्षेत्र २ मिलिरेडियनच्या आसपास आवळा. या मापांत फोटोडायोडवर जेमतेम अर्धा नॅनोवॉट पोचतो, म्हणून प्रवर्धकाचा रोध १०० मेगाओहमच्या घरातला लागतो, आणि एवढ्या रोधाबरोबर भटकी धारकता बँडविड्थ खाते. १० किलोहर्ट्झचं मॉड्युलेशन त्यातून निघतंय ना, हे जोडणी झाल्यावर आधी तपासा. लॉक-इन (फक्त त्या १० किलोहर्ट्झचा सिग्नल वेचणारं मंडल), नंतर ५०० हर्ट्झचा लो-पास (त्याहून वेगवान बदल गाळणारा) आणि सेकंदाला २००० नमुने. वारा आडवा ५ मीटर प्रतिसेकंद असेल तर लुकलुकीची मुख्य वारंवारता ११० हर्ट्झच्या आसपास पडते. त्याच्या चार-पाच पट वरपर्यंत जागा हवी.

तीव्रतेच्या व्हेरियन्सला (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी) सरासरीच्या वर्गाने भागलं की लुकलुकीचा निर्देशांक मिळतो. बिंदुस्रोतासाठी:

निर्देशांक = ०.५ × सीएन-स्क्वेअर × तरंगसंख्या^(७/६) × अंतर^(११/६)

तरंगसंख्या म्हणजे २ पाय भागिले तरंगलांबी. आपल्या वाटेवर याचा अर्थ सीएन-स्क्वेअर = १.५५ × १०^-१३ × निर्देशांक. म्हणजे १०^-१४ ला निर्देशांक ०.०६४.

इथे तीन गोष्टी सर्रास बिघडतात. पहिली, पार्श्वभूमीचा उजेड. मोजलेल्या सरासरीत १० टक्के उजेड बाहेरचा राहिला तर निर्देशांक ०.९ च्या वर्गाने, म्हणजे १९ टक्के कमी येतो. मॉड्युलेशन असलं तरी दर काही मिनिटांनी स्रोत झाकून शून्य घ्या, कारण प्रवर्धकाचा ऑफसेट तापमानाबरोबर सरकतो. दुसरी, शिखरं कापली जाणं. तीव्रतेचं वितरण लॉग-नॉर्मल असतं, उजवीकडे लांब शेपटीचं. खळबळ वाढली की सरासरीच्या पाच ते दहा पट शिखरं येतात. सरासरी पातळी पूर्ण मापाच्या दहाव्या हिश्शावर ठेवा. पडद्यावर रेघ फार छोटी दिसते म्हणून गेन वाढवण्याचा हात आवरा. तिसरी, कीटक. ग्राहकाच्या तोंडाशी उडणारी चिलटं क्षणभर प्रकाश अडवतात. तीव्रतेचा लॉगरिदम घेऊन हिस्टोग्राम काढला की हे सगळं एका नजरेत दिसतं. तो सममित हवा. डावीकडे शेपटी लोंबत असेल तर कीटक किंवा झाडाची फांदी, उजवीकडे कडा उभी कापलेली असेल तर प्रवर्धक भरलेला. मी तर आकडा काढायच्या आधी हिस्टोग्राम पाहतो.

लुकलुकीचा वारंवारतांनुसार वर्णपटही काढा. वरच्या वारंवारतांना उतार -८/३ च्या जवळ असतो. १०० किंवा १२० हर्ट्झवर टोकदार सुई असेल तर ती विजेच्या दिव्यांची. उतार मधेच सपाट झाला तर तिथून पुढे तुम्ही नॉइज मोजताय, आणि तेवढा व्हेरियन्स वजा करायला हवा. यासाठी स्रोत आणि ग्राहक घरात चार-पाच मीटरवर समोरासमोर ठेवून, मधे गडद फिल्टर घालून, तेवढीच सरासरी पातळी आणा आणि मोजा. जे उरेल ते उपकरणाचं.

आणि मग संपृक्तता. वरचं सूत्र निर्देशांक ०.३ पर्यंतच विश्वासाचं. ग्राचेव्हा आणि गुर्विच यांनी १९६५ मध्ये दाखवलं की खळबळ वाढवत गेलं तरी लुकलुक वाढत राहत नाही. ती १ च्या थोडी वर जाते आणि पुन्हा १ कडे उतरते. त्यामुळे निर्देशांक १.१ आला तर त्याला दोन वेगवेगळे सीएन-स्क्वेअर जुळतात. ५०० मीटरवर ही अडचण ४.६ × १०^-१४ लाच सुरू होते, म्हणजे उन्हात सकाळीच. उपाय म्हणजे वाट आखूड करणं. १५० मीटरवर तीच मर्यादा ४ × १०^-१३ पर्यंत सरकते. पण तिथे फ्रेनेलचं माप १० मिलिमीटरवर येतं, आतल्या मर्यादेच्या जवळ, आणि लुकलुक कोल्मोगोरोव्हच्या अंदाजापेक्षा वेगळी वागायला लागते. दुसरा मार्ग मोठ्या व्यासाच्या सिंटिलोमीटरचा (लुकलुक मोजणारं उपकरण): दोन्ही टोकांना सारख्याच व्यासाचं मोठं तोंड, स्रोत असंगत, म्हणजे लेझर नव्हे, एलईडीसारखा. तेव्हा

सीएन-स्क्वेअर = १.१२ × लॉग-तीव्रतेचा व्हेरियन्स × व्यास^(७/३) × अंतर^(-३)

तरंगलांबी सूत्रातून गेली, आतली मर्यादाही जवळपास गेली. किंमत अशी की सिग्नल फार लहान होतो: १५० मिलिमीटर व्यास आणि १ किलोमीटरवर १०^-१४ साठी तीव्रता फक्त २.७ टक्के हलते. एलईडीची स्वतःची चंचलता अर्धा टक्का असेल तर शांत रात्री तुम्ही एलईडीच मोजत बसता.

आता दुसरी पद्धत: प्रतिमेची हालचाल. ही संपृक्त होत नाही, हा तिचा मोठा गुण. एका भोकातून पाहिलेल्या ठिपक्याच्या, एका अक्षावरच्या, कोनाचा व्हेरियन्स साधारण १.१ × सीएन-स्क्वेअर × अंतर × भोक^(-१/३) असतो. तरंगलांबी यात नाहीच. ४० मिलिमीटर भोक आणि १०^-१४ ला हे ४ मायक्रोरेडियन होतं. पण चांगल्या तिपाईवरची दुर्बीणसुद्धा वाऱ्याच्या झुळकीला याच्या कितीतरी पट हलते. शिवाय जमिनीलगत उंचीनुसार तापमान मीटरला ०.१ अंशाने बदललं तरी ५०० मीटरवर प्रतिमा २० मायक्रोरेडियन सरकते, आणि हा उतार दिवसभर बदलत राहतो. म्हणून एक भोक सोडा, दोन घ्या आणि फक्त त्यांच्या ठिपक्यांमधल्या अंतराची चढउतार मोजा. दुर्बीण हलली की दोन्ही ठिपके सोबत हलतात आणि अंतर तसंच राहतं. वेधशाळांमध्ये आकाशाची स्थिरता मोजायला वापरतात ती डिम नावाची पद्धत हीच. तिची गणिती मांडणी साराझिन आणि रॉडिए यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केली. आडव्या वाटेवरही ती तशीच चालते, फक्त फ्रीड व्यासाचं (एवढ्या रुंदीपर्यंत तरंगाच्या सुरकुत्या सौम्य राहतात) सूत्र गोलाकार तरंगाचं घ्यायचं.

२०० मिलिमीटरच्या, २ मीटर नाभीय अंतराच्या दुर्बिणीच्या तोंडावर पुठ्ठा नव्हे, पत्र्याचा किंवा प्लायचा मास्क बसवा. ४० मिलिमीटरची दोन भोकं, केंद्रांतलं अंतर १४० मिलिमीटर. एका भोकावर सुमारे २ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) काचेचा वेज, म्हणजे पाचरीसारखी तिरकी काच, त्याने प्रकाश सुमारे १ कला वळतो. दुसऱ्यावर तेवढ्याच जाडीची सपाट काच. ३.७५ मायक्रोमीटरच्या पिक्सेलवर १ पिक्सेल म्हणजे १.९ मायक्रोरेडियन. ठिपके दीडशे पिक्सेल लांब पडतात, प्रत्येकाची रुंदी आठ-नऊ पिक्सेल. वेजऐवजी फोकस बिघडवून ठिपके वेगळे करण्याची युक्ती प्रचलित आहे. ती करू नका. फोकस नसताना असमान उजळलेलं भोक केंद्रबिंदू ओढतं.

वेज असा फिरवा की तो प्रकाश भोकं जोडणाऱ्या रेषेतच वळवील, आणि कॅमेरा असा फिरवा की दोन्ही ठिपके एकाच आडव्या ओळीत येतील. हे सौंदर्यासाठी नाही. बहुतेक स्वस्त कॅमेऱ्यांत ओळी एकामागून एक वाचल्या जातात. ठिपके शंभर ओळींनी वरखाली असले आणि ओळीला १० मायक्रोसेकंद लागले, तर दोन ठिपके १ मिलिसेकंदाच्या फरकाने टिपले जातात आणि जी कंपनं वजा व्हायला हवी होती ती थोडी मागे राहतात. ग्लोबल शटर (सगळ्या ओळी एकाच वेळी टिपणारं) असेल तर प्रश्नच नाही.

एक्स्पोजर १ मिलिसेकंद. कॅमेऱ्याला मात्र उलट अडचण, प्रकाश जास्त होतो, म्हणून १०० पट कमी करणारा फिल्टर लावा आणि ठिपक्याचा एकही पिक्सेल भरू देऊ नका. एक्स्पोजर लांबलं की वारा सुरकुत्या भोकावरून ओढून नेतो आणि हालचाल सरासरीत विरते. तपासायची सोपी रीत: कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या दोन, मग चार चौकटी (फ्रेम) बेरीज करून व्हेरियन्स पुन्हा काढा. तो लक्षणीय घटत असेल तर मूळ १ मिलिसेकंदसुद्धा लांब असू शकतं, आलेख शून्य एक्स्पोजरकडे वाढवून अंदाज घ्या.

पट्टीचं माप, म्हणजे १ पिक्सेलला किती कोन, हे दुर्बिणीच्या पेटीवरून घेऊ नका. ५०० मीटरवर फोकस करताना प्रतिमा ८ मिलिमीटर मागे जाते, आणि मुख्य आरसा सरकवून फोकस होणाऱ्या दुर्बिणीत नाभीय अंतरही बदलतं. स्रोताच्या टोकाला दुसरी एलईडी बरोबर १०० मिलिमीटरवर लावा. तो कोन २०० मायक्रोरेडियन, सुमारे १०७ पिक्सेल. पट्टीतली चूक व्हेरियन्समध्ये दुप्पट होऊन येते.

मग सूत्रं. भोकं जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने:

व्हेरियन्स = २ × तरंगलांबी^२ × फ्रीड^(-५/३) × (०.१७९ × भोक^(-१/३) − ०.०९६८ × केंद्रांतर^(-१/३))

आणि तिच्या काटकोनात ०.०९६८ च्या जागी ०.१४५. सगळं मीटर आणि रेडियनमध्ये. फ्रीड व्यासावरून सीएन-स्क्वेअर असा: फ्रीड^(-५/३) = ०.१६ × तरंगसंख्या^२ × सीएन-स्क्वेअर × अंतर. १०^-१४ ला फ्रीड व्यास ७२ मिलिमीटर, ठिपक्यांच्या अंतराची चढउतार रेषेच्या दिशेने ४.६ आणि काटकोनात ३.९ मायक्रोरेडियन.

या दोन दिशांचं गुणोत्तर हा फुकट मिळालेला पहारेकरी आहे. आपल्या मास्कसाठी काटकोनातला व्हेरियन्स रेषेतल्याच्या ०.७२ पट हवा. गुणोत्तर १ कडे सरकलं तर नॉइज वरचढ झालाय, कारण नॉइजला दिशा नसते. एकाच दिशेचा व्हेरियन्स मोजून सोडून देणाऱ्या मांडण्या मला म्हणूनच पटत नाहीत. नॉइज किती हे स्वकालसहसंबंधातून (नोंदीची तिच्याच थोड्या उशिराच्या भागाशी तुलना) काढता येतं: शेजारच्या चौकटींत हवेची हालचाल सारखी असते, नॉइज नसतो, म्हणून शून्य विलंबाला जी वेगळी सुई उभी राहते ती वजा करायची. मात्र चौकटींचा वेग सेकंदाला २०० तरी हवा.

केंद्रबिंदू काढताना खिडकी ठिपक्याच्या तिप्पट रुंद ठेवा. अरुंद खिडकी मोठ्या हालचाली कापते. जोरदार खळबळीत, १०^-१३ ला, फ्रीड व्यास १८ मिलिमीटरवर येतो, भोकाच्या निम्म्याहून कमी, आणि ठिपका तुकड्यांत फुटतो. तेव्हा सगळ्यात उजळ पिक्सेल शोधणारी पद्धत चुकते. पार्श्वभूमी वजा करून अख्ख्या खिडकीचा भारित मध्य घ्या. कधी एखादा ठिपका क्षणभर विझतोही. ती चौकट टाकावीच लागते, पण अशा चौकटी नेमक्या जोरदार खळबळीच्या असतात, म्हणून टाकलेल्यांची टक्केवारी आकड्याशेजारी लिहा. ५ टक्क्यांच्या वर गेली की आकडा कमी दाखवतोय असं धरा.

१००० स्वतंत्र चौकटींतून व्हेरियन्स ४.५ टक्क्यांपर्यंत अचूक मिळतो. स्वतंत्र हा शब्द महत्त्वाचा. वारा २ मीटर प्रतिसेकंद असताना ४० मिलिमीटरचं भोक ओलांडायला हवेला २० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाच्या २०० चौकटींतल्या पन्नासच खऱ्या. मिनिटाभराचा संच घ्यावा, त्याहून फार लांब नको, कारण ढग सरकला की सीएन-स्क्वेअर खरोखरच बदलतो.

आता दोन्ही आकडे शेजारी मांडा. लुकलुकीला वाटेचा मधला भाग जास्त दिसतो, दोन्ही टोकांना तिचं वजन शून्य होतं. हालचालीचं वजन स्रोतापासूनच्या अंतराच्या ५/३ घाताने वाढतं, म्हणजे ग्राहकाजवळची हवा सगळ्यात जड. हालचालीचा आकडा लुकलुकीच्या दुप्पट-तिप्पट येत असेल तर आधी ग्राहकाजवळ पाहा: उघड्या खिडकीतून मोजणं, तापलेलं छप्पर, बाहेर काढल्यावर थंड न झालेली नळी. दुर्बीण तासभर आधी बाहेर ठेवा, सावलीत. खिडकीतून मोजूच नका, आतल्या-बाहेरच्या हवेची सरमिसळ नेमकी तोंडाशी होते. हालचालीवरून निर्देशांक ०.३ च्या वर अपेक्षित असताना लुकलुक मागे पडली तर ती संपृक्तता, तिथे हालचालीवर विश्वास ठेवा. लुकलुकच जास्त असेल तर मधे वाटेवर डांबरी रस्ता किंवा धुराडं आहे का ते बघा, आणि नसेल तर संशय एलईडीवर.

तिसरा साक्षीदार हवा असेल तर दोन बारीक तारांचे तापमापक एकमेकांपासून बरोबर १ मीटरवर, वाटेच्याच उंचीवर लावा. तापमानाच्या फरकाच्या वर्गाची सरासरी घेतली की झालं, कारण १ मीटरचा २/३ घात १ च. तिला (७९ × १०^-६ × दाब / तापमान^२) च्या वर्गाने गुणा, दाब हेक्टोपास्कलमध्ये आणि तापमान केल्विनमध्ये. १०^-१४ ला तारांमधला फरक सुमारे ०.११ अंश, १०^-१६ ला फक्त ०.०११. जाड तार उन्हात स्वतः तापते आणि चटकन बदलत नाही, तिचा उपयोग नाही. ही पद्धत एका जागेची आहे, वाटेची नाही, त्यामुळे तासांच्या सरासरीत जुळावी एवढीच अपेक्षा ठेवा. पाण्यावरून वाट जात असेल तर बाष्पाचाही वाटा येतो आणि नुसत्या तापमानावरून काढलेला आकडा पुरत नाही.

शेवटी सलग चोवीस तास मोजणी चालवा आणि लघुगणकी अक्षावर आलेख काढा. निरभ्र दिवशी सूर्योदयानंतर थोड्या वेळाने आणि सूर्यास्ताच्या थोडं आधी, जमीन आणि हवा सारख्या तापमानाला येतात तेव्हा, सीएन-स्क्वेअरला दोन खोल खड्डे पडतात. दोन्ही पद्धतींत ते एकाच वेळी दिसले पाहिजेत. एकीत खड्डा सपाट तळाचा आला तर तो तळ म्हणजे त्या पद्धतीची मर्यादा, आणि त्याखालच्या रात्रीच्या नोंदी वापरू नका.